लाईट आल्यावर मारियाडीबी उठत नाही, बिलिंग ठप्प

हापूसपेटी, देवगड
पॅकिंग शेडमध्ये डेबियन लिनक्सचा सर्व्हर आहे. काल रात्री वळवाच्या पावसात लाईट गेली, यूपीएसनेही मान टाकली. आता मशीन सुरू होतंय, पण मारियाडीबी (बिलांचा डेटाबेस) फेल. लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड', एरर १३. डेटा दुसऱ्या डिस्कवर, /डेटा मध्ये आहे. वाशीची गाडी संध्याकाळी भरायची आहे आणि बिलं हाताने लिहितोय.

टर्मिनलवाला
परमिशनच आहे ना? चोन (मालक बदलायची कमांड) मारा, फोल्डर मायएस्क्यूएल युजरच्या, म्हणजे मारियाडीबी ज्या युजरने चालते त्याच्या, नावावर करा. सुटलं.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
दादा, चोन मारू नका. लाईट गेली म्हणून फोल्डरचा मालक बदलत नाही हो! आधी 'फाइंडमाउंट /डेटा' द्या. काहीच छापलं नाही तर डिस्क माउंटच झालेली नाही, म्हणजे त्या फोल्डरला जोडलीच गेलेली नाही. मारियाडीबीला दिसतोय तो मूळ डिस्कवरचा त्याच नावाचा रिकामा फोल्डर, रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य युजरच्या) मालकीचा. म्हणून १३. चोन केलंत की पुढचा सल्ला येणार 'नवीन डेटाबेस इन्स्टॉल करा', आणि हिशेब दोन ठिकाणी. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, काय लिहिलंय?

हापूसपेटी, देवगड
फाइंडमाउंट गप्प. एफएसटॅबमध्ये एसडीबी१, फॉरमॅट ईएक्सटी४, नोफेल. बॅकअपची यूएसबी डिस्क लावलेलीच राहिली होती, ती एक्सफॅट.

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
मग झालं. डिस्कला एसडीबी, एसडीसी ही नावं सापडतील त्या क्रमाने मिळतात, कायमची नसतात. यावेळी बॅकअपवाली एसडीबी झाली, एक्सफॅट म्हणून माउंट झाली नाही आणि नोफेलमुळे बूट अडलं नाही. ती ईएक्सटी४ असती तर तीच /डेटावर जाऊन बसली असती, नशीब समजा.

ब्लकआयडीने खऱ्या डिस्कचा यूयूआयडी (नाव बदललं तरी तोच राहणारा ओळख क्रमांक) काढून एफएसटॅबमध्ये घाला. डेमन-रीलोड, माउंट -ए (नवी यादी वाचून डिस्क जोडायला), फाइंडमाउंट परत बघा, मगच मारियाडीबी स्टार्ट. लॉगमध्ये क्रॅश रिकव्हरी (अर्धवट राहिलेलं काम डेटाबेस स्वतः सावरतो ते) दिसली तर चालू दे, मधे मारू नका. इनोडीबी फोर्स रिकव्हरी या डेटाबेस जबरदस्तीने उठवायच्या सेटिंगच्या वाटेला आत्ता जाऊच नका. त्यातल्या ४ आणि पुढच्या आकड्यांनी डेटा कायमचा बिघडू शकतो.

शिवाय 'सिस्टिमसीटीएल एडिट मारियाडीबी' करून युनिट सेक्शनमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा टाका. डिस्क नसेल तर सर्व्हिस सुरूच होणार नाही आणि लॉगमध्ये डिपेंडन्सी फेल असं सरळ दिसेल.

हापूसपेटी, देवगड
उठलं! कालपर्यंतची सगळी बिलं आहेत. यूपीएसची बॅटरी कणकवलीत मिळेल की रत्नागिरीहून मागवू?

खाडीपलीकडचा, रत्नागिरी
कणकवलीत बघा आधी. जुनी सोबत न्या, मापाची भानगड नको.