मोरजीहून सेकंडहँड टूरिंग स्की आणल्यात, वापरण्यासारख्या आहेत का?

करमळ:
मंडळी, टिंगल नंतर करा, आधी वाचा. मोरजीला बरीच वर्षं भाड्याने राहिलेलं एक रशियन जोडपं घर आवरून मायदेशी निघालं. विकायच्या सामानाच्या यादीत स्कूटर, गाद्या, मिक्सर आणि सगळ्यात खाली 'स्की, पूर्ण सेट'. मी मिक्सर बघायला गेलो आणि स्की घेऊन म्हापशाला परत आलो.

सेट असा: १७६ सेंमीच्या स्की, मधली रुंदी ९५ मिमी. बाइंडिंग (बूट स्कीला अडकवायचा भाग) कोर्सला होतं तसलं नाही, पुढे दोन टोकांचा चिमटा आणि मागे दोन पिना. चढताना खाली चिकटवायच्या स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या. बूट २७.५, माझ्याच मापाचे. शिवाय पट्ट्यासकट एक पिवळा बीकन (हिमकड्याखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र). हे सगळं काही पावसाळे माळ्यावर पडून होतं म्हणाले.

मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्स केलाय. तयार उतारावर पडत-सावरत खाली येतो, दोन्ही स्की समांतर ठेवून वळतो. सह्याद्रीत पाय चालतात. फेब्रुवारीत दोन मित्रांबरोबर गुलमर्गला जायचं डोक्यात आहे. लिफ्टच्या रांगेत न राहता स्वतःच्या पायांनी चढायचं आणि उतरायचं, एवढीच हौस. एक मित्र स्नोबोर्डवाला आहे, दुसरा नुसताच ट्रेकर, त्याने बर्फ फक्त फ्रीझरमध्ये पाहिलाय.

हे सामान चालेल का? आणि गोव्यात बसून सराव कसा करायचा? केरीच्या वाळूच्या टेकड्यांवरून घसरून बघू का?

भाटकार:
पात्रांव, आधी मिक्सर. (ह. घ्या.)

कांदळवन:
वाळूच्या टेकड्यांचं मनातून काढा. केरी, मोरजी, मांद्रे इथे उरलेल्या टेकड्या सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) संरक्षित आहेत, आणि नियम बाजूला ठेवला तरी ती वाळू मर्यादवेलीने धरून ठेवलेली असते. स्कीच्या धारेने वेल एकदा कापली गेली की पुढच्या वाऱ्यात टेकडी सरकायला लागते. मोरजी-मांद्र्याला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा तिथे पाऊलही जपून टाकायचं असतं. शिवाय आपल्या टेकड्या बुटक्या. दोन वळणं झाली की संपल्या.

सुर्ल्याचा_घाट:
मी डिचोलीचा. हिवाळाभर गुलमर्गला एका दुकानात स्की घासायचं, मेण लावायचं, बाइंडिंग बसवायचं काम करतो. नोव्हेंबरअखेर वर जातो, तोवर घरीच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्कीकडे सगळे आधी बघतात. तुम्ही बूट बघा. आपल्या हवेत पहिला बळी बुटाचाच जातो. पॉलियुरेथेनचं कवच दमट हवेत पाणी ओढतं आणि आतल्या आत कुजतं. वरून चकाचक दिसतं आणि एक दिवस थंडीत, नेमकं चढावर, तुकडे पडतात. घोट्याच्या बिजागरीजवळ आणि बकलच्या रिव्हेटभोवती केसाएवढे तडे आहेत का ते उन्हात धरून बघा. सोलमध्ये नख रुतवा, भुगा निघाला तर विषय संपला. कवचावर ग्रिलामिड किंवा पेबॅक्स (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) लिहिलेलं असेल तर आशा आहे. टूरिंगच्या बऱ्याच बुटांत तेच वापरतात आणि ते दमटपणाला इतकं लवकर हार मानत नाही.

मग बुटाचं नाक बघा. दोन्ही अंगांना धातूच्या खळग्या असतील, चिमट्याची टोकं त्यातच बसतात. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८०च्या दशकात काढलेली ही युक्ती: चढताना टाच मोकळी, आणि पावलागणिक बाइंडिंगचं वजन उचलायला नको. पण सगळी मदार त्या दोन खळग्यांवर. गंजून किंवा झिजून त्या लंबगोल झाल्या असतील तर बूट भलत्या वेळी सुटेल, किंवा सुटायला हवा तेव्हा सुटणार नाही. टाचेजवळ कवचावर मिमीमध्ये सोलची लांबी कोरलेली असते, ती कळवा. बाइंडिंगचा मागचा भाग दोन-अडीच सेंमीच सरकतो, त्यात बसलं तर बरं. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा याचा आकडा घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन ठरवू नका. वजन, उंची, वय, कसब आणि सोलची लांबी पाहून तो दुकानात लावतात.

स्कीच्या पोलादी कडा मोरजीच्या खाऱ्या हवेत तांबारल्या असणारच. वरवरचा गंज बारीक एमरीने निघतो. खड्डे पडले असतील तर जिथे पाय ठेवतो त्या मधल्या भागात बघा, तिथली कड गेली तर कडक बर्फावर स्की धरणार नाही. साफ झाल्यावर तळावर आणि कडांवरही मेणाचा जाड थर ओढून तसाच ठेवा, खरवडू नका. गोव्यात स्की टिकवायचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

स्किन्स: तळाला चिकटवा, अर्ध्या तासाने ओढा. गोंद तळावर राहिला, किंवा बोटाला काकवीसारखी तार आली, तर तो उन्हाळ्यांनी मेला. केस मोहेरचे (अंगोरा बकरीचे) असतील तर छान सरकतात, नायलॉन जास्त पकडतो आणि जास्त टिकतो, बहुतेक स्किन्स दोन्ही मिसळून करतात. यापुढे मधे जाळी घालून, घडी करून, घट्ट पिशवीत फ्रिजमध्ये ठेवायच्या. आमच्या फ्रिजमध्ये त्या सुंगटांच्या (कोळंबीच्या) डब्याखाली असतात आणि आई दर रविवारी त्यावरून बोलते.

पिवळा बीकन वापरू नका. बॅटरीचं झाकण उघडलंत तर हिरवट पांढरा मळ दिसेल बहुतेक, माळ्यावर सेल आत ठेवले की तसंच होतं. आता वापरात असलेली जुनी-नवी यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे तुम्ही कदाचित सापडाल. पण मित्र गाडला गेला तर एका अँटेनाच्या जुन्या यंत्राने त्याला शोधायला फार वेळ जातो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासाने चित्र अगदी पालटतं. तीन अँटेनांचा नवा बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि धातूचं फावडं, तिघांनाही प्रत्येकी एक. फावडं एकच घेऊन फिरणारे गट मी बघतो आणि मला राग येतो. शोधायला मिनिटं लागतात, खरा वेळ खणण्यात जातो.

सरावाचं म्हणाल तर मिरामारची कोरडी वाळू आहे की! एकाने बीकन प्लास्टिकच्या डब्यात घालून हातभर खोल पुरायचा, दुसऱ्याने पाठ फिरवून उभं राहायचं, मग घड्याळ लावून शोध. शेवटच्या तीन मीटरांत यंत्र वाळूला टेकवून आडवं-उभं सरकवत सर्वांत लहान आकडा गाठायचा, यंत्र फिरवायचं नाही. हे एकदा हातात बसलं की बर्फात वेगळं काही नाही. (प्रोब मात्र वाळूत नीट जात नाही, तो वर गेल्यावर.)

आता जागा. हिमकडे बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि स्कीला मजाही तिथेच येते, हीच मेख. गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा तुम्हाला थेट अफरवटच्या डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. गस्तीच्या हद्दीबाहेरचा उतार कोणी तपासलेला नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच हापतखुडला दोन पोलिश स्कीअर हिमकड्याखाली दगावले, २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. पहिल्या खेपेला स्थानिक गाईड घ्या आणि जंगलातल्या सौम्य उतारांवर चढ-उतार करा. गुलमर्गच २,६५० मीटरवर आहे. म्हापशाहून निघालेल्या माणसाला पहिले दोन दिवस जिने चढतानाही कळेल.

मित्रांचं: बोर्डवाल्याने स्प्लिटबोर्ड भाड्याने बघावा. बोर्ड मधोमध उघडून दोन स्की होतात, वर पोचल्यावर जोडायचा. ट्रेकर मित्राला मध्य आशियातल्या अल्ताई पर्वताच्या धर्तीच्या आखूड रुंद स्की जमतील, तिकडचे लोक तळाला घोड्याचं कातडं लावून एकाच लांब काठीवर डोंगर उतरतात. नव्या रूपात तळाला स्किनचा तुकडा कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे वेग कमी. वळणं शोभेची होणार नाहीत, पण माणूस खाली येईल. गुलमर्गला भाड्याने मिळणं मात्र कठीण.

वारें_मोरजी:
काइटवाल्यांच्या (पतंगाच्या ओढीने लाटांवर सरकणाऱ्यांच्या) वतीने: बर्फावरही काइट चालतो. पाण्यावरचा पंपाने फुगवायचा काइट मात्र नेऊ नका. बर्फावर वाऱ्यानेच फुगणारा फॉइल बरा, घडी करून पाठीवर मावतो. घर्षण कमी म्हणून लहान काइट पुरतो, पण गुलमर्गच्या उंचीवर हवा आपल्या किनाऱ्याच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा विरळ, तो हिशेबही धरावा लागतो. नॉर्वेच्या हार्डांगरविडासारखं सपाट उघडं पठार हवं. देवदार आणि गोंडोलाच्या तारा यांच्यामध्ये नको.

करमळ:
सुर्ल्याचा घाट, देव बरें करूं. रात्रीच सगळं खाली काढलं. बुटावर ग्रिलामिड लिहिलंय, तडे नाहीत, सोल ३०७ आणि बाइंडिंगमध्ये बसतोय. खळग्या गोल आहेत. बीकनमध्ये हिरवं निघालं, अगदी सांगितलंत तसंच. स्किन्सचा शेपटीकडचा गोंद तळावर राहिला. म्हापशाच्या बाजारात चपलांचं सोल्युशन मिळतं, ते लावू का? आणि सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) रस्त्यावर चाकांची रोलर स्की केल्याने फायदा होईल?

सुर्ल्याचा_घाट:
सोल्युशन अजिबात नको. ते थंडीत दगड होतं आणि स्किन पहिल्याच चढावर गळून पडते. या गोंदाला शून्याखालीही चिकट राहायचं असतं आणि तरी तळावर न उरता सुटायचं असतं. जुना काढून नवा लावता येतो, माझ्याकडे गोंदाची पट्टी आहे, इस्त्रीखाली बसते. स्किन्स घेऊन या.

रोलर स्कीने दम वाढेल, सरकत चालायची लय येईल, उतरण्याचं वळण शिकता येणार नाही. आणि बहुतेकांना ब्रेक नसतात, तेव्हा सडा सपाट असेल तिथेच, घाटात नाही. त्यापेक्षा पाठीवर दहा किलो घेऊन पारोड्याच्या चंद्रेश्वराच्या डोंगरावर चढा आणि सावकाश उतरा. उतरतानाच मांड्या तयार होतात.

विमानात बूट केबिन बॅगेत न्या. स्की मागे राहिल्या तर वर भाड्याने मिळतील, पायाला बसलेले टूरिंग बूट मिळायचे नाहीत.

रविवारी सकाळी सातला मिरामारला आहे, माझ्याकडे दोन बीकन आहेत. फावडं तुम्ही आणा, घमेल्याबरोबरचं बागेतलं चालेल.