मुलाला १०० पर्यंत येतं, पण आकडे कशाला लागतात हेच कळत नाहीये

ऐरोलीची_आई:
मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत, इंग्लिश मिडियम. वन टू हंड्रेड धडाधड म्हणतो, उलटं पण म्हणतो, पण परवा भाजी घेताना विचारलं की वीसची कोथिंबीर आणि दहाची मिरची मिळून किती झाले रे, तर म्हणतो "मम्मा स्कॅन कर ना". त्याच्या डोक्यात पैसे म्हणजे मोबाईल धरायचा आणि टिंग वाजलं की झालं, आकडा कुठे दिसतच नाही त्याला. वर विचारतो सेक्टर २० हा सेक्टर ५ पेक्षा मोठा असतो का, यावर मलाच पटकन उत्तर देता आलं नाही 😅 अबॅकस क्लास आणि वर्कशीट सांगू नका प्लीज, दोन्ही करून झालंय.

कळव्याचा_बाबा:
कॅश द्या हातात, दुसरा उपाय नाही. आम्ही मुलीला रविवारी १०० रुपये देतो, दहा-वीसच्या नोटा, आणि तीन वस्तू सांगतो. पहिल्या वेळी तिने पेरूच्या गाडीवर जवळजवळ सगळे उडवले आणि शेवग्याच्या शेंगा राहिल्या, मी वरचे पैसे दिले नाहीत, बायको चिडली माझ्यावर, पण शेंगांशिवायची आमटी जेवलो सगळे. पुढच्या रविवारी आधी शेंगांचा भाव विचारला पोरीने. आणि पाव किलो, अर्धा किलो तिथेच कळतं हो, काट्यावर २५० दिसतं आणि भाजीवाला पावशेर म्हणतो, मग घरी येऊन प्रश्नावर प्रश्न.

नौपाडा_आजोबा:
मला वाटतं अडचण वेगळी आहे. भाजीवाला म्हणतो "पंचेचाळीस झाले", पोराला कळतं फोर्टी फाईव्ह. आमचा नातू तोंडाकडे बघत राहायचा. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बावीसऐवजी वीस दोन असं म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही चिडलो होतो, पण नातवाला शिकवायला बसलो तेव्हा कळलं की बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष, बिचाऱ्या मंगला नारळीकर काय सांगत होत्या. पस्तीस म्हणताना पाच आधी आणि तीस नंतर, लिहिताना उलटं, लहान पोर गोंधळणारच. मी दोन्ही सांगतो. तीस पाच, म्हणजेच पस्तीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, हे कळल्यावर तर त्याला गंमतच वाटली, एकोणचाळीस, एकोणपन्नास स्वतःच जुळवले. नव्व्याण्णवला गाडी अडली 😀

नेरुळकर_२:
वरचं सगळं बरोबर, पण प्रत्येक खरेदीची परीक्षा करू नका, आमचा मुलगा दुकानात यायलाच नाही म्हणायला लागला होता. सेक्टरचा प्रश्न मात्र भारी विचारलाय त्याने! काही आकडे मोजायचे असतात, काही नुसती नावं असतात. सेक्टर २०, बसचा नंबर, ठाण्याचा नऊ नंबर प्लॅटफॉर्म, ही नावं. तिथे नऊ हा आठपेक्षा जास्त नसतो, पण चुकलात तर गाडी चुकते. हे त्याला सांगून बघा, सहा वर्षांच्या मुलाला कळतं. आणि ट्रेनमध्ये स्टेशनं मोजायला द्या, ऐरोलीहून वाशी सहावं. घणसोली आलं की अजून किती, झाली वजाबाकी.

ऐरोलीची_आई:
थँक्यू सगळ्यांना. पस्तीस-पंचेचाळीस हे डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही पण घरी सगळे आकडे इंग्लिशमध्येच बोलतो, चूक आमचीच. काल वाशीला जाताना स्टेशनं मोजायला लावली. रबाळेला शेजारच्या काकूंनी विचारलं तुर्भे कधी येतं, तर साहेबांनी बोटं मोजून "तीन" सांगितलं. काकू बरोबर उतरल्या. त्यांच्या नादात स्वतःचं गणित मात्र विसरला आणि सानपाड्यालाच दारापाशी जाऊन उभा 🤦‍♀️

कळव्याचा_बाबा:
😂😂 शेंगांचं पण कळवा

ऐरोलीची_आई:
रविवारी. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलंय, आमटीत काही नसलं तर बोलायचं नाही.