माळावरचं पवन्या गवत परत आणायचंय, मदत हवी आहे

मंडळी, आमचं गाव बारामतीकडं, गावाला मोठं माळरान आहे. आधी पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं भरपूर असायची, आता जिकडंतिकडं नुसती कुसळी, म्हणजे टोचणाऱ्या कुसळांचं गवत. उन्हाळ्यात कुणीतरी वणवा लावतं आणि पावसाळ्यात गवत फुलोऱ्यावर यायच्या आधीच मेंढरं, गुरं चरून जातात. कुसळीचं बी ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ उलगडत मातीत घुसतं म्हणून आगीतनं वाचतं हे कळतं, पण पवन्या नक्की कशानं गेला, चराईनं की आगीनं? तुकडे पाडून आलटूनपालटून चराई बंद ठेवली तर किती पावसाळ्यांत फरक दिसेल? काहीजण झाडं लावा म्हणतायत, मला अजिबात पटत नाही, चिंकारा आणि धाविक पक्ष्याला उघडा माळच लागतो ना. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा.