५० युनिटची बॅटरी: रेंज, चार्जिंगचा वेळ आणि खर्चाचा हिशोब

प्रश्न

विजेवर चालणारी मोटार घेण्याचे जवळजवळ निश्चित केले आहे. मात्र काही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून येथे विचारत आहे. बॅटरी ५० किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ५० युनिटची आहे आणि माहितीपत्रकात ४५० किलोमीटर रेंज (एकदा पूर्ण भरल्यावर कापता येणारे अंतर) छापली आहे. प्रत्यक्षात मी गाडी ७० किलोमीटर चालवून पाहिली, तेव्हा पडद्यावरचा आकडा ९० टक्क्यांवरून ७० वर आला. या हिशोबाने पूर्ण बॅटरीत ३५० किलोमीटरच होतात. माझा रोजचा प्रवास ६० किलोमीटरचा आहे आणि महिन्यातून एकदा मला ३८० किलोमीटर दूर जावे लागते. घरच्या साध्या सॉकेटवर भागेल का, लांबच्या वाटेवर किती वेळ थांबावे लागेल आणि खर्च कोणत्या युनिटांवर मोजायचा?

प्रतिसाद १

आपण केलेला हिशोब बरोबर आहे आणि माहितीपत्रकातील आकड्यापेक्षा त्यावरच भरवसा ठेवावा. छापील रेंज ठरावीक चाचणीतून येते. उदाहरणार्थ, युरोपातील डब्ल्यूएलटीपी चाचणीचा सरासरी वेग ताशी ४६ किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्या वेळी वातानुकूलन बंद असते. महामार्गावरचे चित्र वेगळे असते, कारण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो.

रेंज किलोमीटरमध्ये लक्षात ठेवण्यापेक्षा ‘१०० किलोमीटरला किती युनिट’ हा एकच आकडा मनाशी धरावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या चाचणीत तो सुमारे १४ येतो. महामार्गावर तो १७ धरला, तर ३८० किलोमीटरला ६५ युनिट लागतील. बॅटरी पूर्ण भरून निघालात आणि पोहोचताना १० टक्के शिल्लक राहावी असे वाटत असेल, तर वाटेत २० युनिट भरावे लागतील. म्हणजेच २५० किलोमीटरवर बॅटरी १५ टक्क्यांवर आली असताना थांबायचे, ५५ टक्क्यांपर्यंत भरायचे आणि निघायचे. तेथे १०० टक्के होण्याची वाट पाहत बसण्याचे काहीच कारण नाही.

प्रतिसाद २

वेळेच्या बाबतीत चार्जरवरचा मोठा आकडा पाहून फसगत होते. चार्जर १२० किलोवॉटचा असला, तरी गाडी स्वतःच्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक वीज घेत नाही आणि ती कमालही काही टक्क्यांपुरतीच टिकते. माझ्या गाडीचा पडदा मी अनेकदा शेजारी उभे राहून पाहिला आहे: २० टक्क्यांना ६० किलोवॉट, ८० टक्क्यांना ३० आणि ९० च्या पुढे जेमतेम १५. बॅटरी भरत आली की तिच्यातील घटांचा (सेलचा) विद्युतदाब कमाल पातळीला पोहोचतो; त्यापुढे प्रवाह कमी केला नाही, तर लिथियम ॲनोडच्या (घटाच्या ऋण टोकाच्या) आत सामावण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागते, म्हणून नियंत्रण यंत्रणा हात आखडता घेते. थंड बॅटरीतही हाच धोका असल्याने कडाक्याच्या थंडीत सुरुवातीचा वेगही कमी मिळतो. आपण १५ ते ५५ टक्के भरणार असाल आणि सरासरी ५० किलोवॉट मिळाले, तर २५ मिनिटे पुरतील. हेच २० युनिट ८० ते १०० आणि पुन्हा ८० ते १०० अशा दोन खेपांत भरायचे म्हटले, तर त्याच्या कितीतरी पट वेळ जाईल.

घरी मात्र एसी (दिशा बदलत राहणारी) वीज गाडीतील चार्जरमधून जाते, त्यामुळे तेथे त्या चार्जरची क्षमता महत्त्वाची. भिंतीवर ११ किलोवॉटची पेटी बसवली आणि गाडीतला चार्जर ७.२ किलोवॉटचा असला, तर मिळणार फार तर ७.२ च.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

दोघांचेही आभार. मग रोजच्या ६० किलोमीटरसाठी ३ किलोवॉटचे सॉकेट पुरेसे आहे, असे समजू का? आणि मीटरवर पडणारी सगळी वीज बॅटरीत पोहोचते का?

प्रतिसाद ३

सगळी पोहोचत नाही. खर्चाच्या हिशोबात हीच बाब सर्रास सुटते. मी काही महिने गाडीसाठी वेगळा मीटर लावून नोंदी ठेवल्या. मीटरवर १० युनिट पडले की बॅटरीत ८.७ च्या आसपास जमा होत. एसीचे डीसी (बॅटरीला लागणारी एकाच दिशेची वीज) करताना काही वीज उष्णतेत जाते, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतील नियंत्रक आणि पंप जागे असतात. त्यांचा खर्च तासाच्या हिशोबाने होत असल्याने चार्जिंग जितके संथ, तितका हा वाटा मोठा. आपले रोजचे साडेआठ युनिट बॅटरीत जाण्यासाठी मीटरवर सुमारे १० पडतील आणि सव्वातीन ते साडेतीन तास लागतील. तेव्हा सॉकेट पुरेसे आहे, फक्त त्यासाठी स्वतंत्र जाड वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) घ्यावा. पहिल्या महिन्यात माझ्या प्लगच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले होते आणि प्लग हाताला चटका बसेल इतका तापला होता. आतला स्क्रू सैल होता. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच वापरू नये.

खर्च काढताना मीटरवरच्या युनिटांना घरच्या दराने गुणावे. चार्जिंग स्थानकावर दर बहुधा घरच्यापेक्षा बराच अधिक असतो, त्यामुळे आपल्या मासिक खर्चाचा काटा त्या एका लांबच्या प्रवासावर फिरेल. पोहोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर सॉकेट मिळते का, हे आधी विचारून ठेवा. दहा तासांत बॅटरीत २६ युनिट पडतील. ते नसेल, तर परतीचे जवळजवळ सर्व ६५ युनिट स्थानकाच्या दरानेच घ्यावे लागतील.