मुलगा अठराचा झाला, मग पोटगी बंद?

बांधावरचा:
अठरावा वाढदिवस झाल्यावर बापाने मुलाची पोटगी थांबवली की लगेच 'जबाबदारी झटकली' म्हणून ओरड होते. पण कायदाच तसा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125 (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144) सज्ञान मुलाला पोटगी देतं ते शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल तरच. 'कॉलेजात शिकतोय' हे त्यात बसत नाही. बसवूही नये. नाहीतर एटीकेटीवर एटीकेटी लागत पोटगी सत्ताविशीपर्यंत चालायची.

निळी_शाई:
असहमत. बारावीचा निकाल आणि अठरावं वर्ष साधारण एकदमच येतात. म्हणजे शाळेच्या फीपर्यंत बाप, आणि इंजिनिअरिंगची पहिली फी, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा अॅडव्हान्स भरायची वेळ आली की आई एकटी. दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच सुनावलं: मुलगा सज्ञान झाला म्हणून त्याच्या शिक्षणाचा सगळा बोजा आईवर टाकता येत नाही.

बांधावरचा:
तो आदेश नीट वाचा. पैसे मंजूर झाले ते आईची अंतरिम पोटगी म्हणून, मुलाचा हक्क म्हणून नव्हे.

निळी_शाई:
मान्य. पण फी भरली गेली ना? आईने स्वतःच्या अर्जात हा खर्च दाखवायचा, वाट हीच.

तळटीप:
दोघंही मुलग्याबद्दलच भांडताय. अविवाहित मुलीचं गणित वेगळं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956, कलम 20(3): स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल तर सज्ञान झाल्यावरही तिला निर्वाहखर्च मिळतो. मात्र 2020 च्या अभिलाषा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दंडाधिकारी 125 खाली हा हक्क देऊ शकत नाही. त्यामुळे 20(3)चा दावा कौटुंबिक न्यायालयात लावा. चुकीच्या दारात गेलात तर तारखांवर तारखा पडतील आणि हाती काही लागणार नाही.

दरखास्त:
बापांनी एक चूक टाळावी. आदेशात 'पत्नीस 8,000, मुलास 7,000' असं वेगळं लिहिलं असेल तर मुलाचाच भाग थांबतो. 'दोघांना मिळून 15,000' असेल तर मनाने कापू नका. बदलाचा अर्ज करा (जुनं 127, आता 146). परस्पर कापलेली रक्कम थकबाकी धरली जाते आणि वसुलीचं वॉरंट येतं. अठराच्या आधीचं थकलेलंही वाढदिवसाने माफ होत नाही. आयांनी मात्र लक्षात ठेवावं: वॉरंटसाठी प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत दरखास्त (वसुलीचा अर्ज) लागते. तीन वर्षांची एकदम मागितली तर जुनी दोन हातची जातात.

निळी_शाई:
आणि संमतीने घटस्फोट घेताना अटींत 'शिक्षणाचा खर्च वडील करतील' एवढंच मोघम लिहू नका. पदवीपर्यंत की वयाच्या 23 पर्यंत, फीचा किती हिस्सा, पावती दिल्यावर किती दिवसांत, थेट कॉलेजच्या खात्यात की कसं, सगळं लिहून घ्या.

बांधावरचा:
हे पटलं. सही केली असेल तर द्यायलाच हवं. पण नापास झालेल्या वर्षाची फी कोणाची, तेही त्यातच लिहा.