मिडवे-सनसेट तेलक्षेत्राचे जुने स्थलदर्शक नकाशे: विहिरी सरकलेल्या का दिसतात?

प्रश्न: कॅलिफोर्नियातील टाफ्ट आणि मॅरिकोपा या गावांभोवतीच्या रखरखीत टेकड्यांचे जुने नकाशे मी आजच्या उपग्रहचित्रांवर बसवून पाहत आहे, परंतु रस्ते आणि तेलविहिरी सर्वत्र एकाच दिशेला सुमारे ९० मीटर सरकलेल्या दिसतात. ही मोजणी करणाऱ्यांची चूक समजावी काय?

उत्तर १: चूक मुळीच नाही. ते नकाशे १९२७ च्या उत्तर अमेरिकी संदर्भप्रणालीवर आधारलेले असावेत, तर उपग्रहचित्रे पृथ्वीचा आकार वेगळ्या रीतीने गृहीत धरणाऱ्या नव्या प्रणालीवर असतात आणि त्या भागात दोन्हींमधील फरक साधारण एवढाच येतो. रूपांतर केल्यास बहुतेक सरक नाहीशी होईल.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, रूपांतरानंतर रस्ते जुळले. मात्र १४ मार्च १९१० रोजी उसळलेल्या आणि सुमारे १८ महिन्यांत अंदाजे ९० लाख पिंपे तेल ओकणाऱ्या लेकव्ह्यू विहिरीभोवतीचे मातीचे बांध नकाशावर सापडत नाहीत.

उत्तर २: १:६२,५०० या प्रमाणात दहा मीटर रुंदीचा बांध कागदावर जेमतेम ०.१६ मिलिमीटर भरतो, त्यामुळे तो समोच्च रेषांत उमटण्याची अपेक्षा ठेवू नये. आणखी एक, माझ्या मते अधिक महत्त्वाची गोष्ट: नंतरच्या आवृत्त्यांतील जांभळ्या रंगाच्या दुरुस्त्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या असतात, पण तपकिरी समोच्च रेषा बहुधा जुन्या मोजणीच्याच राहतात. म्हणून छापील वर्षाऐवजी समासातील सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे.