शेततळ्याचं हिरवं पाणी मिरचीच्या रोपाले चालते का?

पऱ्हाटीवाला_आर्वी:
राम राम मंडळी. माह्या शेततळ्याचं पाणी उन्हं तापल्यापासून इतकं हिरवं झालं का हात घातला त मनगट दिसत नाई. मिरची टाकली हाय ट्रेमध्ये, जूनमध्ये लावाची. परवा एका दुकानदारानं क्लोरेलाची बाटली दाखवली, म्हणे हे मारा, युरिया अर्धा करा. मंग मले वाटलं क्लोरेला म्हणजे हिरवं शेवाळच ना, ते त माह्या तळ्यात फुकट भरलं हाय, तेच झारीनं काहून नाई टाकाचं? कोणी करून पाह्यलं असन त सांगा. बायको म्हणते आधी तळं साफ करा.

धानवाला_साकोली:
शेवाळाचं खत आमच्याकडं धानाले टाकतात भाऊ, रोवणी झाल्यावर आठेक दिवसानं एकरी चार किलो, बांधीत पाणी उभं पाह्यजे. पण ते निळं-हिरवं शेवाळ, हवेतला नत्र धरते. तुह्या बाटलीतलं वेगळं.

मास्तर_दारव्हा:
साकोलीवाले बरोबर बोलले. धानात नत्र हे निळं-हिरवं शेवाळच धरते हे पी. के. डे या शास्त्रज्ञानं 1939 मध्येच दाखवलं होतं. क्लोरेला हवेतला नत्र धरत नाही, त्याला स्वतःलाच नत्र द्यावा लागतो. त्याचा फायदा असला तर सायटोकायनिन, ऑक्झिन (ही झाडाची वाढ-संप्रेरकं), अमिनो आम्ल असल्या गोष्टींचा, मुळी फुटायला अन् रोप तजेलदार राहायला. म्हणजे टॉनिक, जेवण नाही.

हिशोब करून पाहा ना, चांगलं दाट वाढवलेलं क्लोरेला असलं तरी लिटरमागे कोरडं शेवाळ एक ग्रॅमच्या आसपास, पंधरा लिटरच्या फवारणी पंपात पंधरा ग्रॅम, त्यात नत्र जेमतेम दीड ग्रॅम, म्हणजे तीन ग्रॅम युरिया झाला, चिमूटभर! अन् तळ्यातलं पाणी त्याहून कितीतरी पातळ. अर्धी बॅग कुठून वाचणार राजेहो. बाटलीवर जैव-उत्तेजक म्हणून नोंदणी आहे का तेही पाहा, 2021 पासून ते खत नियंत्रण आदेशात आलं आहे.

आता तळ्याचं. काचेच्या बरणीत पाणी घ्या, पाऊण भरा, न हलवता रात्रभर फ्रिजात ठेवा. हिरवं खाली बसलं तर बहुतेक साधं हिरवं शेवाळ. रंगासारखी साय वर तरंगली तर निळं-हिरवं असू शकते, त्यातलं काही विषारी असते, जनावरं दगावतात, त्या पाण्यावर बैलं नेऊ नका. पक्कं मात्र मायक्रोस्कोपखालीच कळते. अन् बरणीवर चिठ्ठी लावा.

संत्रावाला_वरुड:
ड्रिपमधून सोडू नको फक्त. मी सोडलं होतं, दोन दिवसात अर्धे ड्रीपर चोक, मंग ड्रिपची एक-एक नळी (लॅटरल) उघडून धुतली, उन्हाळ्यात.

पऱ्हाटीवाला_आर्वी:
केलं मास्तर. चिठ्ठी लावाची राह्यली अन् बायकोनं सकाळी विचारलं, पुदिन्याचं पाणी कोणासाठी केलं जी? 😅 हिरवं सारं तळाशी बसलं, वरचं पाणी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं. आता मी बादलीत 19:19:19 (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरद-पालाश खत) टाकून, पोराच्या मासोळीचा हवेचा पंप लावून तेच वाढवतो, मंग ट्रेले देतो.

मास्तर_दारव्हा:
थांबा, इथंच फसगत होते. बादलीत 19:19:19 असलं तर रोपं त्यानंच हिरवी होतील अन् नाव शेवाळाचं होईल. एका ट्रेला शेवाळाचं पाणी, दुसऱ्याला तितकंच 19:19:19 टाकलेलं बिनशेवाळाचं, तिसऱ्याला साधं. तिन्ही ट्रे एकाच शेडखाली, एकाच दिवशीचं बी. अन् त्या आठवड्यात ब्लायटॉक्स (तांब्याचं बुरशीनाशक) किंवा मोरचूद मारू नका, तांब्यानं शेवाळ मरते.

पऱ्हाटीवाला_आर्वी:
मोरचूद त मी कालच मारलं न जी, मर येत होती. आता चार दिवस थांबतो. ट्रे मात्र तीन वेगळे काढून ठेवले, खडूनं नंबर टाकून.